सगुणेचा झेंडू

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी कोळथर गावच्या फुलाईला रोज एकशे आठ झेंडूंची माळ चढायची. माळेचा मान हैबती माळ्याच्या घराकडे. त्याचा मुलगा अकाली गेलेला, घरात म्हातारा आणि सून सगुणा, दोघंच. मळा मात्र असा फुलायचा, की तोडता तोडता हात दुखावेत. हैबतीला वाटे, ही आपल्याच हातांची पुण्याई. म्हाताऱ्यांना असं वाटतंच.

त्या घरात एक रीत होती. माळेतून उरलेलं फूल देवीनं झाडावरच स्वीकारलं असं समजायचं, मग त्याला हात लावायचा नाही. आणि एका सकाळी हैबती बघतो तर काय, सगुणा फुलं नखानं खुडून बांधावर टाकतेय!

"देवीचं फूल मोडतीस? हात झडतील!"

"मामंजी, सुकल्याली हायती. तशीच ऱ्हायली तर झाडाचा जीव बियात जातो, नवी कळी धरत न्हाई. मी तर रोजच खुडते."

"रोज? चालती हो माझ्या मळ्यातनं!"

सगुणा माहेरी निघून गेली.

असं म्हणतात, तिच्यामागोमाग मळ्याचा रंगही गेला. झाडांवर नुसती वाळकी बोंडं उरली. माळ साठावर आली, मग विसावर, आणि एके दिवशी देवीचा गळा रिकामा राहिला. त्या दिवशी हैबतीनं वाळकी फुलं खुडली. आठ दिवसांत कळ्या धरल्या. म्हातारा बांधावर बसून ढसाढसा रडला.

खुडलेली फुलं त्यानं उपरण्यात बांधली. सुनेपुढे ठेवायची आणि तिला घरी आणायचं, एवढंच मनात. सात कोस चालला. उपरणं फाटकं आहे, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

विहीणबाई दारातच होत्या. "लई उशीर केलासा, पाव्हणं. तापानं गेली पोर, पंधरा दिस झालं. शेवटपातुर इचारत हुती, देवीला माळ गेली का?"

हैबती माघारी फिरला, तर आल्या वाटेवर दोन्ही बाजूंनी झेंडू फुललेला. एकेक झाड माणसाएवढं होतं, असं म्हणतात.

कोळथरात आजही घट बसायच्या आधी घरातला थोरला पुरुष मळ्यात जातो आणि वाळकी फुलं स्वतःच्या हातानं खुडतो. घरात सून असो वा नसो, प्रत्येक फुलामागे त्याला म्हणावंच लागतं, "चुकलं, सूनबाई."