काळ्या धोंड्याचं गाव

माणसाने अजून त्या दरीला नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. हिमालयातल्या त्या दरीत सगळे खडक तांबडे आणि एकच धोंडा काळा. “उपऱ्या, तुझं गाव कुठलं रे?” तांबडे खडक त्याला विचारत. “सांग, नाहीतर पुढच्या दरडीबरोबर तुला नदीत लोटून देऊ.” बिचाऱ्याला ते माहीतच नव्हतं.

एक दिवस म्हातारी चमरी गाय त्याच्याशी पाठ घासायला आली. “मावशी, माझ्या अंगावर हे ओरखडे कसले गं?” त्याने विचारलं.

“अस्वलाचे!” तांबडे खडक हसले. “आमच्याही पाठीवर आहेत.”

“अस्वल आडवंतिडवं ओरबाडतं,” मावशी म्हणाली. “तुमच्या पाठीवरचे तर सगळे एकाच दिशेला जातात. थांबा, बघून येते.”

त्या ओरखड्यांचा माग धरून ती वर चढत गेली. माथ्याशी काळा कडा होता आणि त्याच्या आडोशाला थोडासा बर्फ उरला होता.

“धोंडा याच कड्याचा,” बर्फ म्हणाला. “एके काळी मी दरीभर पसरलो होतो. त्याला पोटाशी धरून, खडकांवरून घासत खाली नेलं. मी वितळलो, तो तिथेच राहिला.”

मावशीने परत येऊन सगळं सांगितलं. तांबडे खडक आपापल्या पाठी निरखू लागले. शेवटी थोरला म्हणाला, “म्हणजे हे ओरखडे तुझे?”

“माझेच असतील,” धोंडा घाबरत म्हणाला. “फार दुखलं का हो?”

“आठवत नाही रे,” थोरला हसला. “पण आता कुठे जाऊ नकोस. इतकी जुनी ओळख आमची दुसऱ्या कुणाशी नाही.”