ओंजळीलाही बेट, राशीलाही बेट

फार जुन्या काळी खाडीच्या काठी एक गाव होतं. गावात भातशेती थोडी आणि मिठागरं फार. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, वाफ्यांमध्ये पसरायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. पाणी आटलं की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढून बांधावर त्याच्या राशी घालायच्या. व्यापाऱ्यांची गलबतं येईपर्यंत त्या पांढऱ्या राशी उघड्यावरच असत, वर नुसत्या झावळ्या. मिठाला कुलूप कोण लावणार?

गावात चोऱ्या होत, पण क्वचित. कुणी मीठ चोरलं तर त्याने ज्याचं चोरलं त्याच्या मिठागरात राबून तेवढी रास पुन्हा उभी करून द्यायची, अशी रीत होती. होडी चोरली तर त्याहून जास्त राबायचं. आणि कुणी माणसावर हात टाकला, जीव घेतला, तर मात्र बेट. खाडीच्या तोंडाशी एक उजाड बेट होतं. तिथे करवंदीची झुडपं आणि प्यायला एक झिरपता झरा, बस्स. बेटावर सोडलेला माणूस परत येत नसे. होडी तिकडून नेहमी रिकामीच यायची.

या गावात हौसा नावाची एक बाई राहत होती. ती आणि तिचा नवरा, दोघंच. मूलबाळ नव्हतं. दोघं मिठागरात राबत. नवरा शांत स्वभावाचा. वाटेने जाणारा कुणी थांबून राशीतून ओंजळभर मीठ घेऊन गेला तरी तो हसून म्हणायचा, "ने रे बाबा, समुद्र काही संपत नाही." हौसाला ते आवडत नसे. तिच्या तळव्यांना मिठाने चिरा पडलेल्या असत. रात्री खोबरेल लावून झोपावं लागे.

एका वर्षी गलबतं यायच्या तोंडावर तिची अर्धी रास चोरीला गेली. चोर सापडला. गावातलाच एक आळशी, धट्टाकट्टा माणूस. रीतीप्रमाणे त्याला हौसाच्या मिठागरात राबायला लावलं. पण तो काय राबतोय! दोन फावडी ओढायचा आणि बांधावर बसून शीळ घालायचा.

"वहिनी, जरा पाणी द्या ना," तो म्हणायचा. "तुमचं काम करून घसा सुकला."

"माझं काम?" हौसा भडकायची. "मेल्या, माझं मीठ विकून खाल्लंस तेव्हा नाही घसा सुकला?"

तो हसायचा. "मिठाने तहान लागतेच, वहिनी."

बांधावरची माणसंही हसली. ते हसणं हौसाच्या काळजात रुतलं. चोरी झाली तेव्हा तिला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं आता लागलं.

तिने गावकी बोलावली. सगळे देवळापुढच्या पारावर जमले. मध्ये म्हातारा पाटील बसला.

"पाटीलबाबा," हौसा म्हणाली, "ही कसली शिक्षा? चोर माझ्याच बांधावर बसून मला हसतो. चोरीला बेट ठेवा. मग बघू कोण शीळ घालतो ते."

"रास चोरली म्हणून बेट?" पाटलाने विचारलं.

"रास असो की ओंजळ. चोर तो चोर."

पाटलाने हातातली काठी जमिनीला टेकवली. मग म्हणाला, "हौसाबाय, तुझा राग खोटा नाही. हा माणूस नीट राबत नसेल तर त्याच्यावर राखण ठेवू, दुप्पट राबवू. पण ओंजळीला बेट दिलं, तर मग मोठ्या गुन्ह्याला काय ठेवायचं?"

"मोठा गुन्हा होईलच कशाला?" हौसा म्हणाली. "लहान चोरीलाच माणूस चळाचळा कापला, तर मोठं काही करायची त्याची छाती होईल का?"

हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. माना हलल्या, टाळ्या झाल्या. "बरोबर बोलली बाय!" असं चारी बाजूंनी ऐकू आलं. पाटलाने एकट्याने नाही म्हणून काय होणार? नियम झाला. चोरी लहान असो की मोठी, शिक्षा एकच. बेट.

शीळ घालणारा चोर त्याच रात्री गाव सोडून पळाला. आणि खरोखरच चोऱ्या थांबल्या. लोक घराची दारं उघडी टाकून मिठागरात जाऊ लागले. बाया पाणवठ्यावर हौसाला आधी कळशी भरू देत. "तुझ्यामुळे गावाला शिस्त लागली गो," म्हणत. हौसाची मान ताठ झाली. नवरा मात्र खाली मान घालून राबायचा. त्याने वाटसरूंना हाक मारणंही सोडून दिलं. कुणी राशीपाशी थांबलं की तोच घाबरून म्हणायचा, "पुढे जा बाबा, पुढे जा."

मग एक दिवस लोकांनी एका तरुण सुनेला धरून पारावर आणलं. तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. उघडायला लावल्या तर दोन्हींत मिळून ओंजळभर मीठ. हौसाच्या राशीतलं.

"घरात पेजेला मीठ नव्हतं," सून म्हणाली. "सासूबाई आळणी पेज अंगावर टाकतात. मी उद्या मागून परत ठेवणार होते."

तिची सासू गर्दीत मागे उभी होती. तिने पदर तोंडापुढे ओढून घेतला.

पाटलाने हौसाला जवळ बोलावलं. "रास तुझी आहे. घेताना तुझी संमती होती, एवढं तू म्हणालीस तर ही चोरीच होत नाही. पोर घरी जाईल."

सगळे हौसाकडे पाहू लागले. नवऱ्याने तिचा पदर हळूच ओढला. "म्हण की गो. ओंजळभर मीठ ते. रोज आपल्या पायांना लागून जातं तेवढं."

हौसाने त्या मुलीकडे पाहिलं. तिला दया आली नाही असं नाही. पण तिला ते बांधावरचं हसणं आठवलं. आज आपण वाकलो, तर उद्या सगळा गाव म्हणेल, हौसाचा नियम हौसानेच मोडला. पाणवठ्यावरच्या बाया काय म्हणतील?

"मी दिलं नव्हतं," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. पाटलाने मान खाली घातली. होडी आली, मुलीला बसवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढ्याशा मिठासाठी ही माणसं आपल्याला खरंच नेताहेत, यावर तिचा विश्वासच बसत नव्हता. मध्येच कुणीतरी हसेल आणि होडी वळवील, अशा नजरेने ती काठाकडे पाहत राहिली.

त्या संध्याकाळी हौसाचा नवरा जेवला नाही. "खरं बोललीस ना," तो म्हणाला, "मग आता जेव पोटभर." एवढं कडू तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

दिवस गेले. गावात एक मासळीवाला होता. खाडीतली मासळी खारवून, वाळवून तो बाजारात विकायचा. एकदा जाळ्यात भरपूर मासळी आली आणि नेमकं त्याच्या घरातलं मीठ संपलेलं. ऊन तापलं होतं. तासाभरात खारवली नाही तर सगळी मासळी कुजणार. दुपारची वेळ, मिठागरात चिटपाखरू दिसत नव्हतं. तो हौसाच्या राशीपाशी गेला, बांधावर पडलेली टोपली उचलली आणि भराभर भरू लागला.

हौसाचा नवरा बांधाच्या खालच्या अंगाला फुटलेली माती लिंपत बसला होता. आवाज ऐकून तो वर आला.

"कोण ते?" त्याने विचारलं.

मासळीवाल्याने वळून पाहिलं. शेजारी लांब दांड्याचं फावडं पडलं होतं. त्याने ते उचललं आणि घातलं डोक्यात.

संध्याकाळी हौसा पेज घेऊन आली, तेव्हा बांधावरचं मीठ लाल झालेलं तिला दिसलं.

मासळीवाला लगेच सापडला. त्याच्या घरात मिळालेली टोपली हौसाची होती, बांधावरून उचललेली. सगळा गाव पारावर लोटला. हौसा केस मोकळे सोडून पुढे बसली होती.

"का मारलंस रे?" पाटलाने विचारलं. "तुझं त्याचं वैर होतं?"

"कसलं वैर? देवमाणूस तो. माझ्या पोराच्या बारशाला आला होता." मासळीवाला रडत होता. "पाटीलबाबा, त्याने मला पाहिलं. टोपलीभर मिठाला बेट. माणूस मारला तरी बेटच. त्याला सोडलं असतं तर बेट ठरलेलं. मारलं तर निदान कुणाला कळणार नाही, असं वाटलं. एवढंच आलं डोक्यात."

"तो तुला काय म्हणाला?" हौसाने विचारलं. तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता.

"कोण ते, म्हणाला. पुढे काहीतरी बोलणार होता. मी थांबलोच नाही ऐकायला."

तो पुढे काय बोलणार होता, ते हौसाला ठाऊक होतं. पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं: "ने रे बाबा."

हौसा उठून पाटलाच्या पायाशी गेली. "याला बेट पुरेसं नाही. पाटीलबाबा, याला आणखी काहीतरी मोठी शिक्षा द्या."

"कुठून आणू?" पाटील म्हणाला. "बाय, माझ्याकडची मोठ्यात मोठी शिक्षा तू ओंजळभर मिठावर खर्च केलीस. आता तुझ्या नवऱ्याच्या जिवासाठी माझ्या हातात तीच उरली आहे. त्या पोरीला दिली तीच."

त्या पोरीचं नाव निघताच हौसा दचकली. "तिला आणा," ती म्हणाली. "हा खुनी तिथे जाणार, आणि ती एकटी... तिला तरी परत आणा. मी दिलं होतं म्हणते! मीच दिलं होतं मीठ!"

"आता?" गर्दीतून एक बाई म्हणाली. "तेव्हा तर दिलं नव्हतंस."

"एकीला आणलं तर सगळ्यांनाच आणावं लागेल," दुसरा म्हणाला. "मग नियम कसला?"

होडी मासळीवाल्याला घेऊन गेली आणि रिकामी परत आली. बेटावर काय झालं, ते कुणी पाहायला गेलं नाही.

गावाचा राग मात्र शांत झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गावकी जमली. "बेटाची भीती कमी पडली," लोक ओरडू लागले. "चोरी केली की फाशी! ओंजळ असो की रास!"

हौसा धावत आली. "नका रे, नका! याच चुकीने माझा माणूस गेला. लहान चोरीची शिक्षा लहान करा. पुन्हा राबायला लावा. शीळ घालू दे मेल्याला, हसू दे मला, पण करा!"

"बिचारीचं डोकं फिरलंय," लोक म्हणाले. "नवरा गेला आणि ही चोरांची बाजू घेतेय."

दोन बायांनी तिला धरून बाजूला नेलं, डोक्यावर पाणी घातलं. पाटलाने आपली पाटीलकीची काठी पारावर ठेवली आणि तो घरी गेला. नवा नियम झाला. चोरीला फाशी.

त्यानंतर त्या गावात एकही चोर पकडला गेला नाही. राशी मात्र कमी होत राहिल्या. कारण चोर पाहायचं धाडस कुणात उरलं नव्हतं. ज्याने चोराला पाहिलं, त्याला चोर जिवंत सोडणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लोक आपल्याच मिठागरात जाताना लांबूनच मोठ्याने खाकरू लागले. कुणी गाणं म्हणत जाई, कुणी हातातला डबा वाजवत जाई. आत कुणी असेल तर त्याला आपलं काम आटोपून निघून जाता यावं. दुपारी तर बांधाकडे कुणी फिरकतच नसे.

एके दिवशी भर उन्हात हौसा एकटीच मिठागरात आली. मिठावरच्या उन्हाने डोळे दिपून नीट दिसत नव्हतं, म्हणून खाकरण्याआधीच ती राशीच्या फार जवळ जाऊन पोचली. पलीकडून आवाज आला. टोपलीत मीठ पडत होतं.

ती जागच्या जागी थिजली. मग झटकन वळली, खाडीकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मी काही पाहिलं नाही हो! माझी पाठ आहे तुमच्याकडे. माझी पाठ आहे!"

आवाज थांबला. मग मिठावर पावलं वाजली. ती पावलं जवळ येताहेत की लांब जाताहेत, ते तिला कळेना. आणि वळून पाहायची तिची छाती होईना. पदराची टोकं मुठीत धरून ती तशीच उन्हात उभी राहिली.

ही गोष्ट ज्यांना सांगाल त्यांना तात्पर्यही सांगा: शिक्षा गुन्ह्याएवढीच असावी. लहान चुकीला सगळ्यात मोठी शिक्षा दिली, की मोठ्या गुन्ह्यापासून माणसाला अडवायला आपल्या हातात काहीच उरत नाही, आणि मग जी भीती आपण चोरासाठी पेरलेली असते, ती आपल्याच दारात उगवते.