गाडी वाकली

हौसाकाकूंची दुधाची पिकअप जुनी, आणि वस्तीवरून गावात येणारा रस्ता तिच्याहून जुना. खड्ड्यांत गाडीचं पोट घासून घासून काकू इतक्या विटल्या, की शेवटी गॅरेजात स्प्रिंगचे जास्तीचे पाटे चढवून त्यांनी गाडी वीतभर उंच करून घेतली.

नेमक्या त्याच आठवड्यात सभापती आप्पासाहेबांनी वेशीवर वडिलांच्या नावाची कमान उभारली. मुद्दाम ठेंगणी, येणाऱ्यानं वाकून यावं म्हणून! उद्घाटनाच्या सकाळी काकूंची गाडी तिथंच अडली. गाडीचा टप कमानीला चार बोटांनी लागत होता.

"सगळं गाव वाकतंय," आप्पासाहेब पाहुण्यांसमोर गरजले, "तुमच्याच गाडीला कसला माज? वाकत असेल तर आणा, नाहीतर फिरवा माघारी!"

मागे दूध नासायच्या बेतात, आणि भांडायचं त्राण काकूंत नव्हतं. त्या खाली उतरल्या, कमानीखालचा लाल गालिचा गुंडाळला, त्याखालच्या फळ्या बाजूला सारल्या. पाहुणे बघतात तो काय, काकूंच्या रोजच्या ओळखीचा, उद्घाटनापुरता झाकलेला, अख्खी गाडी मावेल एवढा खड्डा! पिकअप हळूच त्यात उतरली, कमानीखालून सरकली आणि पलीकडे वर आली.

"वाकली बघा," काकू म्हणाल्या.

पाहुण्यांना हसू आवरेना. आप्पासाहेब लालबुंद झाले. "उद्याच बुजवतो हा खड्डा! मग बघू कशी जाते ती!"

"बुजवा की, आप्पासाहेब," काकूंनी दमल्या हातानं गिअर टाकला. "वस्तीपासून डेअरीपर्यंतचे सगळेच बुजवा. मग मी पाटे काढते, गाडी जन्मभर वाकलेलीच राहील."