पाणमांजर आणि करवंटीतली चिलापी

एका डोंगराच्या पायथ्याशी, पलीकडचा काठ दिसू नये एवढा मोठा तलाव होता आणि त्याच्या काठच्या कपारीत एक पाणमांजर राहत असे. त्याच तलावात एक थोरली मरळही राहत असे. मरळ म्हणजे साधासुधा मासा नव्हे बरं का, मुलांनो! काळीभोर पाठ, सापासारखं डोकं आणि अंगात अशी रग की शेपटीच्या एका फटक्यात गवत आडवं व्हावं. दर वर्षी पाऊस सरला आणि पाणी निवळलं, की तलावावर शर्यत लागे. सगळ्यांत मोठी मरळ जो धरील तो जिंकला. धरायची, पंच कासवाला दाखवायची आणि परत पाण्यात सोडायची. खायची नाही. तो खेळ होता, जेवण नव्हतं, आणि पाणमांजरीचा तर त्या खेळावर जीव होता. मरळीलाही तो आवडत असावा, कारण सुटताना ती दर वेळी पाणमांजरीच्या तोंडावर पाणी उडवून जाई.

एका वर्षी मात्र मरळीने पाणमांजरीच्या हातावर तुरी दिल्या. झालं! बाईसाहेबांना ते लागलं. पुढच्या वर्षी तिने ठरवलं, काहीतरी नवं आमिष आणायचं. आता, आमिष आपल्याच तलावातलं वापरायचं हा साधा नियम होता. कासवाने तो दर वर्षी घसा खरवडून सांगितला होता. पण ऐकतंय कोण? पाणमांजर डोंगरापलीकडच्या खाणीच्या डबक्यावर गेली आणि तिथली पट्ट्यापट्ट्यांची, काटेरी पाठीची चिलापी करवंटीत भरून घेऊन आली. मरळीने असला मासा कधी पाहिला नव्हता. ती काय आहे ते बघायला पुढे आली आणि सापडली. पाणमांजर जिंकली.

करवंटीच्या तळाशी थोडी चिलापी उरली होती. कासव म्हणालं, "पोरी, ही खाऊन टाक, नाहीतर जिथली तिथे नेऊन सोड."

"पोट भरलंय हो, आजोबा," पाणमांजर म्हणाली. "आणि तो डोंगर पुन्हा कोण चढणार? सोडते इथेच. बिचाऱ्या जगतील. तेवढंच मला पुण्य."

आणि तिने करवंटी पाण्यात उपडी केली. "किती मायाळू गं तू!" असं म्हणत बगळ्याने डोळे मिटून घेतले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाई, कंटाळा तुला आला, त्यात पुण्य कुठून आलं? मला तर ही गोष्ट सांगताना इथे दर वेळी कपाळावर हात मारावासा वाटतो.

पुढचा पावसाळा आला. एके दिवशी मरळ धापा टाकत काठाशी आली. "अगं, तुझ्या त्या पाहुण्यांना आवर!" ती म्हणाली. "मी आणि माझ्या धन्याने गवतात घरटं केलं, अंडी घातली, डोळ्यांत तेल घालून राखली. एकीला हुसकावलं की दुसरी मागून येते. सगळी अंडी फस्त केली गं त्यांनी."

"मग तू त्यांची खा की!"

"कशी खाऊ? त्या अंडी तोंडात धरून फिरतात. पिल्लंसुद्धा घाबरली की आईच्या तोंडात शिरतात. माझी अंडी पाण्यावर उघडी तरंगतात."

पाणमांजर हसली. "इश्श! एवढुशा तर आहेत त्या. आणि तू एवढी मोठी!"

"मी मोठी आहे गं," मरळ म्हणाली. "माझी अंडी मोठी आहेत का?"

पाणमांजर उताणी होऊन तरंगत निघून गेली. इतकं सरळ सांगितलेलंही कळू नये, याला काय म्हणावं?

बरं, बाकीच्यांनी तरी शहाणपण दाखवावं! तेही नाही. तलावात चिलापीच चिलापी झाली होती आणि बगळा खूश होता. "काय भरभराट आहे!" तो सगळ्यांना सांगत सुटे. "चोच घातली की मासा!" दर शर्यतीत मरळी कमी दिसू लागल्या, सापडायच्या त्याही किरकोळ. कासव तेवढं बोलून दाखवी, तेव्हा म्हातारा कुरकुऱ्या झालाय म्हणून सगळे त्याला हसत.

मग एक वर्ष असं उजाडलं की शर्यतीत कुणालाच मरळ मिळाली नाही. ज्याने त्याने चिलापी आणली, तीही पंजाएवढी. सगळ्या सारख्याच! माझीचं शेपूट लांब, तुझी नुसती पोटाला फुगलीय, असं भांडण जुंपलं. कासव ओरडलं, "अरे, शेपटं काय मोजताय? मरळ कुठाय?" तेव्हा कुठे सगळ्यांच्या ते ध्यानात आलं.

बगळ्याने एक पाय पोटाशी घेतला आणि विचार केला. बगळ्याने विचार केला, तेव्हाच मला धास्ती वाटली होती! "त्यात काय?" तो म्हणाला. "पलीकडच्या ओढ्यात मांगूर मासा राहतो. मिशाळ, आडदांड, दिसेल ते खातो. दोन-चार आणून सोडू. चिलापी साफ!"

"आणि चिलापी संपल्यावर तो काय खाईल?" कासवाने विचारलं.

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

वा रे पठ्ठे! आणि यावर सगळ्यांनी "झकास, झकास" म्हणावं? म्हटलं त्यांनी. आणण्याचं काम पाणमांजरीवर आलं, कारण तिला अनुभव होता. आणि ती करवंटी घेऊन निघालीसुद्धा.

वाटेत तलावाच्याच लांबच्या गवताळ खाडीत तिला पाण्यात काळी पाठ दिसली. थोरली मरळ! पाणमांजरीला आनंद आवरेना. करवंटी काठावर टाकून तिने बुडी मारली आणि मरळीला घट्ट धरलं. पण मरळीने शेपूट आपटलं नाही, पीळ दिला नाही. ती निमूट पडून राहिली.

"अगं, झटापट कर ना!" पाणमांजर कळवळून म्हणाली. "आपला खेळ आहे हा!"

"कसला खेळ?" मरळ म्हणाली. "मी आणि माझा धनी, आम्ही दोघं म्हातारी तेवढी उरलो आहोत. मला सोडलंस काय आणि खाल्लंस काय, आमच्यामागे इथे कुणी नाही. उशिरा का होईना, पुन्हा अंडी घातली आहेत. ती बघ. उद्या नसतील."

पाणमांजरीने वळून पाहिलं. गवतात पिवळसर अंड्यांचा पुंजका तरंगत होता. एकटा बापमासा त्याच्याभोवती घिरट्या घालत होता आणि जरा लांब, पट्ट्यापट्ट्यांची चिलापी त्याच्या दमण्याची वाट बघत थांबली होती. पाणमांजरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मरळीला अलगद सोडलं. वर येऊन करवंटी दगडावर आपटून फोडली आणि परत पाण्यात शिरली.

त्या दिवसापासून ती खाडीतून हलली नाही. चिलापी जवळ आली की धरायची, काठावर फेकायची, पुन्हा बुडी. चिलापी खाऊन खाऊन तिला शिसारी आली. एवढं करूनही रोज थोडी अंडी जातच होती. मांगूर कुठाय म्हणून विचारायला बगळा आला, तेव्हा ती दात दाखवून म्हणाली, "इथे कुणी मांगूर आणला, तर गाठ माझ्याशी आहे." बगळा उडाला तो थेट पलीकडच्या काठावर.

शेवटी अंडी फुटली आणि मरळीची मूठभर लालसर पिल्लं घोळक्याने फिरू लागली. त्या वर्षीची फसलेली शर्यत काही दिवसांनी पुन्हा लागली. मरळ नव्हती, म्हणून आता नुसतीच पोहण्याची ठेवली होती. सगळे खाडीपाशी जमले आणि हाका मारू लागले, "अगं चल ना! तुझ्याशिवाय काय मजा?"

पाणमांजरीने पाण्यातून डोकं वर काढलं. ती अगदी खंगली होती. "मला खूप यायचंय रे," ती म्हणाली, "पण मी इथून हलले की चिलापी पिल्लांवर येते."

एवढं बोलून तिने पुन्हा बुडी मारली.

तात्पर्य : परक्या पाण्यातला जीव आपल्या पाण्यात सोडण्याआधी, इथे ज्यांची अंडी उघड्यावर आहेत त्यांना विचारावं. करवंटी उपडी करायला क्षणही लागत नाही. ती पुन्हा भरून घेता येत नाही.