आणखी एक पीळ

बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात हत्यारं अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. तिथला जुना पाना फार मायाळू. गाडीखालच्या ऑइल चेंबरचा नट घट्ट बसला, तरी पान्याला राहवेना. "लेकरा, घाटात सुटलास तर? आणखी एक पीळ देतो."

ठरलेला जोर लागला की 'टक्' करून थांबणारा टॉर्क पाना शेजारीच होता. तो कळवळून म्हणाला, "दादा, पुरे आता."

"मोजून आवळणारा तू! तुला माया काय कळणार?" म्हणत पान्याने जोर लावला. नटाचे आटेच गेले. तेल ठिबकू लागलं.

पाना रडवेला झाला. "काळजीपोटीच आवळलं रे!"

"ठाऊक आहे, काका," नट म्हणाला. "म्हणूनच तर दुखत असूनही गप्प बसलो."