आवडाबायची चूल

ज्या काळी होड्यांना यंत्रं नव्हती आणि माणसाचं घरी परतणं वाऱ्याच्या हाती होतं, त्या काळची ही गोष्ट. समुद्राकाठी काळसडे नावाचं गाव होतं. गावाच्या डोक्यावर, दर्याच्या बाजूला, काळ्या कातळाचा भलामोठा सडा होता. त्यावर ना झाड, ना सावली.

या सड्यावर आवडाबाय मासळी वाळवायची. तिचा नवरा भिकाजी तांडेल. पहाटे जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा सुटायचा, तेव्हा तो होडी लोटायचा. दुपारी दर्यावरून खारा वारा यायचा, त्यावर शीड भरून तो माघारी यायचा. मधल्या वेळात आवडाबाय कातळावर अनवाणी फिरायची. तिच्या तळव्यांना सगळं कळायचं, असं म्हणतात. कातळ तापला की त्यावरची हवा थरथरत वर चढायची. ती वर गेली की तिची रिकामी जागा भरायला दर्यावरून गार वारा धावत यायचा. आवडाबाय म्हणायची, "ही माझी मोठी चूल. चूल पेटली की तोंडाकडून वारा आत ओढते, तशी ही दर्याला ओढते." बायका हसायच्या. एक जण म्हणायची, "मग भाकऱ्या पण हयच थाप गो!"

एका वर्षी शिमग्यात पावणाई देवीची पालखी सड्यावरून न्यायची होती. दरवर्षी भोयांचे पाय भाजायचे. गावचे मानकरी बाबाजी गावकर यांच्या मनात आलं, की देवीच्या वाटेवर असा विस्तव बरा नव्हे. त्यांनी घराघरांतून भाताचा पेंढा मागवला. वाटेपुरता घालून त्यांचं समाधान होईना, म्हणून सगळा सडा झाकला. वर घागरींनी पाणी शिंपलं. काळा सडा पिवळा झाला, गारेगार झाला. पोरं त्यावर लोळली. गावकर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आता देवी सुखान जायत."

सडा झाकला त्याच दिवशी पहाटे भिकाजी आणि गावच्या साऱ्या होड्या दर्यात गेल्या होत्या. दुपारी परत येऊन पालखी नाचवायची, असं ठरलेलं.

दुपार झाली. ढोल तयार, पालखी सजलेली. पण खारा वारा काही आला नाही. सड्याच्या कडेवरून होड्या स्पष्ट दिसत होत्या. शिडं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. माणसं वल्ही मारून मारून थकली होती, आणि पाण्याची ओढ होड्यांना हळूहळू वाघदाताच्या खडकांकडे नेत होती. त्या खडकांवरून तोवर कुठलीही होडी अखंड परतली नव्हती. बायकांनी देवीला गाऱ्हाणं घातलं. गावकरांनी नारळ फोडला. तरी पान हललं नाही.

आवडाबायने पेंढ्यावर पाय ठेवला. तिचा तळवा गार पडला. ती खाली बसली, दोन्ही हातांनी पेंढा ओढून कडेला फेकू लागली.

"आवडे!" गावकर ओरडले. "देवीच्या वाटेवरचो पेंढो काढतंस? खुळी झालंस काय?"

"देवीचे पाय भाजनत नाय, गावकरांनू. तुमचे भाजतत!" ती हात न थांबवता म्हणाली. "चूल तुम्हीच पाणी ओतून इजवलात. आता वारो खंयसून येतलो?"

मग जिचा भाऊ होडीत होता ती पुढे आली. जिचा मुलगा होता ती आली. भोयांनी पालखी खाली ठेवली आणि तेही वाकले. शेवटी गावकरांनी धोतर खोचलं. पेंढ्याचे डोंगर कडेला उभे राहिले आणि ओला कातळ पुन्हा उन्हात उघडा झाला. आधी त्यातून वाफ निघाली, मग तो कोरडा झाला, मग तापला. लोक टुणटुण उड्या मारत कडेच्या पेंढ्यावर पळाले. आवडाबाय एकटी मधोमध उभी राहिली. चुलीजवळ कुणीतरी थांबायला हवं, असं ती म्हणाली. तिच्या पायांखालचा कातळ मेणासारखा मऊ झाला, असं म्हणतात.

तिने मूठभर सुकी काडी वर उडवली. काडी सरळ आभाळात चढली, चढतच गेली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आणि मग ती काडी गावाच्या दिशेला कलली.

आवडाबायच्या कपाळावरचे केस हलले. वाऱ्याला खारट वास होता. खाली दर्यात पहिलं शीड फुगलं, मग दुसरं, मग सगळीच. वाघदाताच्या तोंडाशी गेलेली भिकाजीची होडी गर्रकन वळली. सड्यावरच्या बायका रडत होत्या आणि हसत होत्या. गावकर नुसतेच खाली बसले आणि लगेच चटका बसून उठले. त्या दिवशी गावाने देवीच्या ढोलांपेक्षा मोठ्याने त्यांना हसून घेतलं.

भिकाजी वर आला तेव्हा म्हणाला, "उशीर झालो गो."

"पाय भाजले माझे," आवडाबाय म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

सड्याच्या मधोमध आजही दोन पावलांएवढे खळगे आहेत. शिमग्यात पालखी तिथे थांबते. कुणीतरी मूठभर काडी वर उडवतं. काडी गावाकडे कलली तरच पालखी उठते. नाही कलली, तर सगळे बसून राहतात, चहा होतो, कुणी घाई करत नाही. अलीकडे एका मंडपवाल्याने वाटेवर फुकट गालिचा अंथरून देतो म्हटलं. सगळ्या भोयांनी एकदम चपला काढल्या आणि त्याच्यापुढे कातळाने काळे पडलेले आपले तळवे धरले. त्याने गालिचा गुंडाळला, आणि तोही अनवाणी पालखीमागून चालू लागला.