फुगडीवाली आणि तिच्या रोजच्या गिरक्या

एका गावात एक फुगडीवाली होती. तिनं हात धरला की समोरचीला आभाळ खाली आणि जमीन वर दिसायची!

त्या गावात नागपंचमीला वरची आळी आणि खालची आळी यांची फुगडी लागायची. जी आधी ‘पुरे’ म्हणेल ती हरली. हरलेल्या आळीनं जिंकलेल्या आळीला पुरणाची दिंडं करून वाढायची. फुगडीवाली खालच्या आळीची, म्हणून खालची आळी दरवर्षी नुसती बसून खायची.

एकदा बाई शेणावरून घसरली आणि पाय मोडला. (हसू नका रे, लागलं होतं तिला!) पाय बरा होईस्तोवर बाईचं पिंप झालं. पंचमी हुकली, आणि आळीला दिंडं खायची सोडून करायची वेळ आली.

“पुढच्या पंचमीला मीच उतरणार!” बाई म्हणाली.

आणि लागली की! पहिल्याच दिवशी पळत टेकडी चढली, पायलीभर दळण दळलं, जेवायला नुसतं ताक. दुसऱ्या दिवशी अंथरुणात. बरं वाटल्यावर परत तेच, परत अंथरूण. शेवटी तिनं भिंतीकडं तोंड केलं. “संपलं माझं. दुसरी कुणीतरी बघा.”

तिची नणंद आली. जिभेनं भारी खट्याळ.

“वैनी, झोपायची पैज असती तर आपलीच आळी जिंकली असती बघ.”

“हस तू. माझ्यात दम नाही राहिला.”

“दम आहे गं! तू सगळा एका दिवसात उधळतीस. ऊठ, माझ्यासंगं थोड्या गिरक्या घे. धाप लागायच्या आत थांबायचं, आणि भाकरी पोटभर खायची.”

“एवढ्यानं काय होतंय?”

“उद्या उठवंल तरी!”

मग दोघी रोज अंगणात. आधी हळूहळू, मग जरा जास्त. पाय सुजला त्या दिवशी बाई पायरीवर बसून नुसत्या टाळ्या वाजवायची, पण अंगणात यायची.

पंचमी तोंडावर आली. विहिरीवर वरच्या आळीची फुगडीवाली आडवी आली. “काय गं, पोरींसारखी अंगणात फिरतीस म्हणं! खरी असशील तर आत्ता धर हात!”

बायका जमल्या. फुगडीवालीचं रक्त उसळलं. पण सकाळपासून पाय ठणकत होता.

“आजच्या माझ्या गिरक्या झाल्यात,” ती म्हणाली.

“घाबरली, घाबरली!” बायका फिदीफिदी हसल्या. बाईचे कान लाल झाले, पण तिनं हंडा उचलला आणि घरी गेली.

पंचमीला दोघींनी हात धरले. वरच्या आळीची भोवऱ्यासारखी सुटली. आपली बाई आपल्याच तालात, समोरचीला म्हणते, “फिर बाई, तुला हवं तसं फिर!” फिरता फिरता समोरचीचा पदर सुटला, अंबाडा सुटला, शेवटी तोंडही सुटलं, “पुरे गं माझे आई, पुरे!”

खालच्या आळीनं असा गलका केला की झाडावरचे कावळे उडाले. बाई ताठ उभी. दिंडं तर तिनं अशी खाल्ली, अशी खाल्ली!

दुसऱ्या दिवशी नणंद उशिरा उठून बघते, तर बाई अंगणात पदर खोचून तयार.

“वैनी, काल जिंकलीस ना? आता कशाला?”

“कालचं कालच्याला झालं. धर हात!”

तात्पर्य: पडलात तर लाजू नका, पण उठल्या उठल्या टेकडीवर धावू नका. झेपेल तेवढं करा, रोज करा. आणि कुणी हसलंच, तर त्याला म्हणावं, ये, धर हात!